पाकोळीच्या बर्डहाउसमध्ये माझे 62 हजार रिंगिट कसे गेले

परवा वेंगुर्ल्याहून आतेभावाचा फोन आला, दादा तू मलेशियात होतास ना, तिकडे पाकोळी पक्ष्याच्या घरट्यांचं काम चालतं ते बघितलंयस ना, इकडे एक जण आलाय, पाकोळ्या येऊन घरटी करतील असं दोन मजली बर्डहाउस बांधून देतो म्हणतो, घरट्यांना किलोला लाखात भाव आहे म्हणे, टोकन देऊ का? मी म्हटलं थांब, एक रुपया देऊ नको, आणि त्याच रात्री हे लिहायला बसलो. हे सगळं मी घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाहीये, पण आता सांगायलाच हवं.

2009 ते 2017 मी पेराक राज्यात, सिटियावानजवळ नोकरीला होतो. तिथे बाजारात फिरताना वर बघितलं की दुकानांचे वरचे मजले विटांनी बंद केलेले, खिडक्या बुजवलेल्या, एखादंच चौकोनी भोक आणि त्यातून दिवसभर रेकॉर्ड केलेला पक्ष्यांचा चिवचिवाट. 1997-98 च्या मंदीनंतर रिकाम्या पडलेल्या इमारतींमध्ये हा धंदा तिकडे फार वाढला. ही पाकोळी आपल्या लाळेने घरटं बांधते, चिनी लोक त्याचं सूप करतात आणि त्याला पैसे मोजतात. धंदा खरा आहे हे आधीच सांगतो, म्हणूनच त्यात फसवणं सोपं आहे. 2011 मध्ये लाल रंगाच्या घरट्यांमध्ये नायट्राइट हे रसायन जास्त सापडलं म्हणून चीनने मलेशियाचा माल बंद केला होता, भाव अर्ध्याच्याही खाली आले होते, मग 2013 च्या शेवटी थेट निर्यात परत सुरू झाली आणि त्याच सुमारास बर्डहाउस बांधून देणारे हे कन्सल्टंट लोक जागोजागी दिसायला लागले. आता घुसा बॉस, चीनने दार उघडलंय, हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा ऐकलं असेल.

माझ्या तमिळ सहकाऱ्याच्या वडिलांच्या दुकानावरचे दोन मजले रिकामे होते. जागा त्यांची, बांधकामाचा बराचसा खर्च माझा, उत्पन्न निम्मं निम्मं असं ठरलं. कन्सल्टंटने आम्हाला त्याचं डेमो घर बघायला संध्याकाळी पावणेसातला बोलावलं, आणि ही वेळ त्याने मुद्दाम निवडली होती हे मला फार उशिरा कळलं. शेकडो पाकोळ्या भोकाभोवती गरगर फिरत होत्या, आत शिरत होत्या, बघूनच माणूस वेडा होतो. मग आत नेलं, अंधार, हातात लाल टॉर्च, स्पीकरचा एवढा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, आणि वर छताला लावलेल्या फळ्यांवर रांगेने पांढरी घरटी. आम्ही दोघं वरच बघत राहिलो. खाली फरशी स्वच्छ होती, तो म्हणाला आम्ही दर आठवड्याला धुतो, हायजीन, आणि आम्हाला उलट कौतुक वाटलं!

करार झाला, त्यात लिहिलेलं की 18 महिन्यांत 100 घरटी, नाहीतर अर्धे पैसे परत. 40 टक्के आधी, 40 टक्के लाकूड आल्यावर, 20 टक्के साउंड सिस्टिम चालू झाली की. नीट बघा, सगळे पैसे पहिला पक्षी राहायला यायच्या आधी त्याच्या खिशात. माझ्या वाट्याचे 62 हजार रिंगिट होते, तेव्हाचे साधारण साडेअकरा लाख रुपये, माझी पाच वर्षांची बचत.

सिस्टिम चालू झाली त्या पहिल्या आठवड्यात आमच्याही भोकाभोवती पाकोळ्या फिरायला लागल्या. आम्ही खाली रस्त्यावर उभं राहून बघायचो, सहकाऱ्याच्या बायकोने तर देवळात नारळ फोडला. कन्सल्टंट म्हणाला आता नऊ-दहा महिने आत जायचं नाही, नवीन पक्षी बुजतात, चावी माझ्याकडे राहू दे, मी महिन्यातून एकदा जाऊन फोटो पाठवतो. नवीन वस्तीला माणसाचा त्रास नको हे खरंच आहे, कोणीही जाणकार हेच सांगेल, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. फोटो यायचे, दुसऱ्या महिन्यात 6 घरटी, मग 15, मग 30. मी इकडे आईला फोनवर सांगत होतो की पुढच्या वर्षी घराचं छप्पर करू.

नवव्या महिन्यात ॲम्प्लिफायर जळाला. कन्सल्टंट फोन उचलेना म्हणून सहकाऱ्याने कुलूप तोडून इलेक्ट्रिशियनला आत नेलं, आणि त्याला पहिल्यांदा आतली शांतता ऐकू आली. या पाकोळ्या अंधारात वटवाघळासारख्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात, पण त्यांचा तो टिक-टिक-टिक आवाज माणसालाही ऐकू येतो. जिथे पक्षी राहतात तिथे स्पीकर बंद केला तरी ती टिकटिक चालू राहते. आमच्याकडे काहीच नव्हतं. फळ्यांवर 43 घरटी होती आणि खाली फरशीवर शिट नाही, एक ठिपका नाही. मी कामावरून तसाच गेलो, शिडी लावून एक घरटं ओढलं तर ते अख्खं हातात आलं, मागे चिकट गोंदाचा तपकिरी पट्टा. खरं घरटं लाळेने लाकडाच्या रेषेत बसलेलं असतं, ओलं करून पात्याने खरवडून काढावं लागतं. ती 43 घरटी म्हणजे जेमतेम चारशे ग्रॅम माल, बाजारातून आणून चिकटवलेला. मी शिडीवरच बसून राहिलो किती तरी वेळ.

शेजारच्या इमारतीत एक चिनी अंकल वीस वर्षं हे काम करत होते. त्यांनी येऊन सगळं बघितलं आणि एकेक दाखवलं. फळ्या ओल्या लाकडाच्या, न सुकवता लावलेल्या, बुरशी धरलेली आणि औषधाचा वास, त्या वासाला पाकोळी बसतच नाही. हवा खेळायला भिंतीत पाइप घातले होते पण सरळ, वळण द्यायला एल्बो नाही, त्यामुळे प्रत्येक पाइपातून उजेड आत. वर नुसता स्लॅब, उष्णता अडवायला काही नाही, दुपारी वरच्या मजल्यावर 34 डिग्री. लागतं किती तर 27 ते 29, आणि ओलावा 80-90 टक्के. भोकाच्या बरोबर समोर रस्त्याचा दिवा. दाराखाली उंदीर जाईल एवढी फट. म्हणजे पक्षी आले असते तरी त्यांच्यासाठी ते घर सुरक्षित नव्हतं, आणि याचा राग मला पैशांइतकाच आहे. मग ते संध्याकाळच्या गरगरण्याचं बोलले. बाहेरच्या स्पीकरचा आवाज ऐकून शेजारच्या घरांत परतणारे पक्षी वळतात, दोन चकरा मारतात, आत डोकावतात आणि आपल्या घरी जातात. फिरणारा पक्षी कोणाचाही असतो, म्हणाले, रात्री फळीला लटकून झोपतो तो तुमचा.

पोलिसात रिपोर्ट दिला, कन्सल्टंटच्या ऑफिसला टाळं होतं. वकिलाने करार वाचून दाखवला, मालकाच्या परवानगीशिवाय कोणी आत गेलं तर हमी रद्द, असं मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं, आणि तिथे मालक म्हणजे चावीवाला कन्सल्टंट. परत काही मिळालं नाही. सहकाऱ्याशी बोलणं मात्र टिकलं, त्याने अंकलच्या सल्ल्याने फळ्या काढून सुकवलेल्या मेरांती लाकडाच्या लावल्या, पाइप बदलले, भोक मागच्या बाजूला नेलं. मी तिथून निघालो तेव्हा 11 घरटी होती, त्यांच्याखाली 11 ठिकाणी शिट पडलेली मी स्वतः बघितली. माझा वाटा मी सोडला.

आता कोकणातल्या लोकांसाठी. तिकडे जी पाकोळी घरात राहते ती आपल्याकडे फक्त अंदमान-निकोबारला आहे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही बेटं आहेत, तिथल्या गुहांत जी आहे ती भारतीय पाकोळी, वेगळी जात, तिच्या घरट्यात पिसं आणि गवत मिसळलेलं असतं, आणि तिला कायद्याचं संरक्षण आहे, तिची घरटी काढणं गुन्हा आहे. त्या बेटावर घरट्यांची चोरी व्हायची ती थांबवायला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी केवढे कष्ट घेतलेत. तेव्हा इथे बर्डहाउस बांधून देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा कोणता पक्षी, आणि वन खात्याचा कागद कुठे आहे.

आतेभावाने अजून टोकन दिलेलं नाही. त्या माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो त्याने मला फॉरवर्ड केलेत, फळ्यांवर घरटी भरपूर आहेत, फरशी कुठल्याच फोटोत दिसत नाही. फरशीचा फोटो माग म्हणून सांगितलंय, चार दिवस झाले, आलेला नाही.