काउंटरवर कोण बसवायचं: डिग्रीवाला की भरवशाचा?

जळगाव जिल्ह्यात, चोपडा-पारोळ्याकडे कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला हंगामाच्या तोंडावर हा प्रश्न पडतोच. एक पोरगा बीएस्सी ॲग्री. दुसरा बारावी नापास, पण गल्ल्यावर डोळे झाकून बसवावा असा.

कायद्याचं आधी उरकतो. कीटकनाशकाच्या परवान्यासाठी कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाची पदवी, नाहीतर मान्य अभ्यासक्रम लागतो. तो कागद तुमच्याकडे नसेल तर निवडीचा प्रश्नच नाही. (दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्याने आणून भिंतीला टांगणारेही आहेत. त्यांचं त्यांनी बघावं.)

कागद तुमच्याकडे असेल, तर मग खरी पंचाईत.

डिग्रीवाल्याला बाटलीवरचा रंग कळतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारायचं, हेही पाठ. पण माझ्याकडच्या एकाने, सापळ्यात जेमतेम दोन पतंग सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या पिशवीत औषध, टॉनिक आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) अशा तीन बाटल्या घातल्या. टॉनिकवर कंपनीची स्कीम होती. शेतकरी काही बोलला नाही, पण पुढच्या हंगामात दुकानाची पायरी चढला नाही.

भरवशाच्या पोराने मक्यातल्या तणासाठी टू-फोर-डी दिलं. बिल चोख, हिशेब चोख. ‘हा पंप कपाशीला वापरू नका भाऊ’ एवढं सांगायचं राहिलं, कारण त्यालाच ते ठाऊक नव्हतं. पंपात उरलेल्या तणनाशकाने थोड्याच दिवसांत कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली. पोरगा स्वतः बांधावर गेला आणि तिथूनच मला फोन केला, “शेठ, चूक माझी आहे.”

नुकसान त्याच्याच हातून जास्त झालं. तरी मी त्यालाच ठेवलं. पंपाचं त्याला एका दुपारी शिकवता आलं. पहिल्याला शिकवायचं तरी काय, त्याला सगळं माहीतच होतं.

तुम्ही दिवसभर दुकानात नसाल, तर मात्र माझं ऐकू नका. विचारायला कोणी नसताना अडाणी प्रामाणिकपणा महागात पडतो. तिथे डिग्रीवालाच घ्या, पण उधारीची वही स्वतः तपासा. आणि मे महिन्यात त्याला पारखा. बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून कपाशीचं बियाणं सरकारने ठरवलेल्या तारखेआधी विकायचं नसतं, आणि ठिबकवर लवकर कपाशी लावणारे त्याआधीच दारात उभे असतात.

माझा पोरगा आता बऱ्यापैकी तयार झालाय. तणनाशकाच्या कपाटाची चावी अजून माझ्याच खिशात असते.