पहिला कुमिको दिवा: साधी चौकोनी जाळी, आसानोहा की षट्कोनी?

चार बाजूंचा, फूटभर उंचीचा आंदोन करायचं ठरलं की पहिला प्रश्न जाळीचाच येतो. आंदोन म्हणजे लाकडी चौकटीला आतून कागद लावलेला जुना जपानी दिवा. एदो काळात त्यात मोहरीवर्गातल्या बियांच्या तेलाची वात जळायची. कुमिको म्हणजे बारीक पट्ट्या एकमेकींच्या खाचांत बसवून, खिळ्याशिवाय उभी केलेली जाळी. तोचिगीतलं कानुमा आणि फुकुओकातलं ओकावा या कामासाठी ओळखलं जातं.

फोटो पाहून जवळजवळ प्रत्येकाचं मन आसानोहावर जातं. आसानोहा म्हणजे भांगेचं पान. हे रोप झपाट्यानं आणि सरळ वाढतं, म्हणून जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या कपड्यांवरही ही नक्षी असते. ओढ मला समजते, पण आधी मोजून बघा.

एका बाजूला आडवी तीन आणि उभी सहा घरं धरा. साध्या जाळीला चौकटीच्या आत सात पट्ट्या लागतात आणि त्या एकमेकींना दहा जागी छेदतात; दर छेदाला दोन खाचा, म्हणजे चारही बाजूंना मिळून 28 पट्ट्या आणि 80 खाचा. खाच पट्टीच्या निम्म्या जाडीपर्यंतच. सगळ्या पट्ट्या शेजारीशेजारी आवळून एकदम कापल्या की घरं आपोआप सारखी होतात. आसानोहात हे सगळं आहेच, वर प्रत्येक घरात पाच तुकडे: एक कर्ण, मधोमध अर्धवट कापून दुमडलेल्या दोन पट्ट्या, आणि त्यांना जागच्या जागी दाबून धरणाऱ्या दोन लहान चाव्या. 72 घरांचे 360 तुकडे झाले, आणि प्रत्येकाची टोकं 45, 22.5 किंवा 67.5 अंशांच्या साच्यात धरून पटाशीनं तासायची.

तुकड्यांच्या संख्येपेक्षाही मला जाळीच्या नेमकेपणाची धास्ती जास्त वाटते. एक घर अर्ध्या मिलिमीटरनं मोठं झालं तर त्यातलं पान सैल पडतं. लहान झालं तर चावी दाबताना पट्टी वाकते. मग प्रत्येक घरासाठी वेगळी लांबी कापत बसावं लागतं आणि कामातली मजाच निघून जाते. साध्या जाळीत तेवढी चूक डोळ्याला दिसतही नाही.

षट्कोनी जाळीत तीन पट्ट्या एकाच बिंदूत 60 अंशांनी छेदतात. या सांध्याला मित्सुकुदे म्हणतात. वरच्या आणि खालच्या पट्टीत दोन-तृतीयांश खोल खाच, मधलीत दोन्ही बाजूंनी एक-एक तृतीयांश. पहिल्या दिव्याला हे घेऊ नका.

उजेडाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. दिवा बंद असताना आसानोहा सरस, यात वाद नाही. दिवसा खोलीत नजर तिथेच जाते. लावल्यावर कागद उजळतो, लाकूड काळ्या रेषांसारखं दिसतं आणि भरगच्च नक्षीत उजेड बराच अडतो. उशाशी मंद प्रकाश हवा असेल तर चालेल. वाचायचं असेल तर साधी जाळी घ्या. बल्ब पिवळसर आणि एलईडीच, म्हणजे कागद फारसा तापणार नाही.

लाकडाबाबत एक आग्रह धरीन. जपानी कारागीर हिनोकी किंवा सुगी वापरतात, कारण ही लाकडं मऊ आणि सरळ रेषांची असतात. सांध्यात किंचित दबतात आणि घट्ट धरतात. आपल्याकडे सुतार मायेनं सागवान सुचवेल. साग जड असतो, त्यातल्या सिलिकामुळे पटाशी लवकर बोथट होते आणि तीन मिलिमीटरच्या पट्टीत तो दबण्याऐवजी तुटू शकतो. गाठी नसलेलं, सरळ रेषांचं पाइन शोधा.

माझा कौल असा: चारही बाजूंना साधी जाळी करा आणि फक्त वरच्या ओळीत आसानोहा भरा. बारा घरं, साठ तुकडे. साचे वापरायची सवय होते आणि वाचण्यापुरता उजेडही राहतो. मात्र घरं अगदी चौरस ठेवा आणि कागद खळीनं चिकटवा, फेव्हिकॉलनं नको. खळ ओली केली की सुटते; पुढे कधी कागद उतरवून खालच्या ओळीही भरता येतील.