प्लेस्टेशन ५ : टेराफ्लॉपच्या पलीकडचे यंत्र

सोनीने नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आणलेल्या प्लेस्टेशन ५ या गेमिंग कन्सोलची तांत्रिक माहिती वाचताना बहुतेकांची नजर आधी ग्राफिक्सच्या आकड्यावर जाते. तो आकडा १०.२८ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते) आहे आणि त्याच महिन्यात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या सुमारे १२ टेराफ्लॉपशेजारी ठेवला की कमी भासतो. एवढ्यावरच निकाल द्यायचा असता तर परीक्षणाची गरज उरली नसती. या यंत्राच्या रचनेतला सर्वाधिक विचार मात्र साठवणीवर आणि तिथून मेमरीपर्यंत माहिती पोहोचवणाऱ्या वाटेवर खर्च झालेला आहे, आणि त्याचा हिशेब टेराफ्लॉपमध्ये मांडता येत नाही.

आधीच्या प्लेस्टेशन ४ मध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क होती आणि तिच्यातून सेकंदाला साधारण ५० ते १०० मेगाबाइट माहिती मिळत असे. डिस्कवरचा वाचक काटा एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यात वेळ मोडू नये म्हणून खेळ बनवणारे एकच वस्तू डिस्कवर अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवत, आणि तरीही वेळ कमी पडला की खेळाडूला लांबलचक बोळातून चालवत किंवा उद्वाहनात उभे करत. प्लेस्टेशन ५ मध्ये या डिस्कच्या जागी ८२५ गिगाबाइटची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची साठवण, आली. तिच्या नियंत्रकाला १२ वाहिन्या आहेत आणि कच्ची माहिती सेकंदाला ५.५ गिगाबाइट या वेगाने वाचली जाते. ही माहिती क्रॅकन पद्धतीने दाबून ठेवलेली असल्यास प्रत्यक्ष वेग ८ ते ९ गिगाबाइटपर्यंत जातो, कारण ती उलगडण्यासाठी चिपमध्येच स्वतंत्र यंत्रणा बसवली आहे. हेच काम मुख्य प्रोसेसरवर सोपवले असते तर झेन २ जातीचे (या यंत्रातल्याच प्रोसेसरचे) तब्बल ९ गाभे (कोअर) त्यातच गुंतले असते, असे यंत्राचे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील सादरीकरणात सांगितले होते. संपूर्ण यंत्रात गाभे आहेत ८!

या वेगाकडे पाहिले की मेमरीचा निर्णयही उलगडतो. प्लेस्टेशन ३ मधील एकूण ५१२ मेगाबाइटवरून प्लेस्टेशन ४ मध्ये ८ गिगाबाइट झाले, म्हणजे उडी १६ पटींची होती. पुढच्या पिढीत मात्र ती केवळ दुप्पट होऊन १६ गिगाबाइटवर थांबली. जीडीडीआर६ प्रकारची ही मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघे मिळून वापरतात आणि तिची बँडविड्थ, म्हणजे माहिती ने-आण करण्याची क्षमता, सेकंदाला ४४८ गिगाबाइट आहे. पुढच्या अर्ध्या मिनिटात लागेल ते सारे आधीच भरून ठेवण्याची सक्ती उरली नसल्याने एवढ्या मेमरीत काम भागते. जुन्या यंत्रासाठी लिहिलेल्या खेळांना मात्र हा लाभ पूर्णपणे मिळत नाही. ते लवकर सुरू होतात, पण त्यांची घडणच संथ डिस्कला धरून झालेली असते.

प्रोसेसरचा कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ, तर ग्राफिक्सच्या ३६ गणन एककांचा २.२३ गिगाहर्ट्झ आहे, आणि दोन्ही वेग बदलते आहेत. खोली तापली म्हणून वेग उतरतो, असा समज काहींनी करून घेतला होता; तो बरोबर नाही. विजेची मर्यादा ठरलेली असते आणि वेग कामाच्या स्वरूपानुसार बदलतो, त्यामुळे एकच प्रसंग सर्व संचांवर सारखाच चालतो. विजेचा वापर १० टक्क्यांनी उतरवायला वेगात एखाददोन टक्क्यांची घट पुरते, असे सर्नी यांचे म्हणणे आहे, म्हणून या बदलाची झळ खेळाडूला सहसा जाणवत नाही. जाणवते ती रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रेखण्याची, किंमत. प्रकाशकिरणांचे गणित चिपमध्येच करण्याची सोय असली तरी अनेक खेळांत सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) हव्यात की अधिक देखणे चित्र, हे आपल्यालाच निवडावे लागते. सुरुवातीच्या खोक्यांवर छापलेले ‘८के’ हे अतिसूक्ष्म चित्रस्पष्टतेचे चिन्ह त्यामुळे उत्साहाचाच भाग मानावे.

थंडाव्याची व्यवस्था मला या यंत्राची सर्वांत प्रामाणिक बाजू वाटते. चिप आणि उष्णताशोषक यांच्यामध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, आणि १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा दोन्ही बाजूंनी हवा ओढतो. त्याची भरपाई आकाराने करावी लागते : ३९० मिलिमीटर उंची आणि साडेचार किलो वजन, म्हणजे दूरचित्रवाणीखालच्या बहुतेक कप्प्यांत हे यंत्र उभे राहणारच नाही. धूळ साचवून घेणाऱ्या खळग्या बाहेरचे आवरण काढून साफ करता येतात. उष्णताशोषक मात्र घरी उघडू नये, कारण द्रवधातू वीजवाहक आहे आणि तो पसरला तर मुख्य पटल निकामी होऊ शकते.

ड्युअलसेन्स कंट्रोलरमधील सूक्ष्म कंपने आणि बोटाला विरोध करणारे ट्रिगर हे नुसते नवलाईचे राहिलेले नाहीत. वाळू, काच, बर्फ यांच्यावरचे चालणे हाताला वेगळे कळते. बॅटरी १,५६० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि कंपनांचा भरपूर वापर करणाऱ्या खेळांत ती लवकर उतरते. अंगठ्याने फिरवायच्या कांड्या (स्टिक) झिजून आपोआप सरकू लागल्या तर त्या सहज बदलता येत नाहीत. ती सोय जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या, बऱ्याच महाग ड्युअलसेन्स एजमध्येच आहे. ब्लूटूथ ५.१ असूनही साधे ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाहीत, याचे समर्थन करणे अवघड आहे.

८२५ पैकी वापरास उरतात सुमारे ६६७ गिगाबाइट, आणि मोठे खेळ शंभराच्या घरात गेल्यावर ही जागा भराभर संपते. जादा एम.२ (पट्टीच्या आकाराच्या) एसएसडीसाठी आत खाच होती, पण ती सर्वांसाठी खुली झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. अशी एसएसडी घेताना पीसीआयई ४.० या जोडणी-मानकाचा आधार, सेकंदाला ५,५०० मेगाबाइटच्या आसपासचा वेग आणि उष्णताशोषक पट्टी या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. २०२३ अखेरीस आलेल्या बारीक आवृत्तीत साठवण १ टेराबाइट झाली, वजन उतरले आणि डिस्क ड्राइव्ह सुटी करता येऊ लागली, मात्र ती प्रथम जोडताना इंटरनेट लागते. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी यांची क्षमता तीच राहिली असल्याने आधीचा संच नीट चालत असलेल्यांनी केवळ या आवृत्तीसाठी नवा खर्च करू नये.