नॉक्सव्हिलजवळ स्मॉलमाउथ: होल्स्टन की लिटल रिव्हर?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिलच्या आसपास राहून गळाने स्मॉलमाउथ बास हा मासा धरायचा नाद लागलाच, तर तासाभराच्या अंतरात दोन नद्या खुणावतात. चेरोकी धरणाखालची होल्स्टन आणि स्मोकी पर्वतातून टाउनसेंड गावामार्गे उतरणारी लिटल रिव्हर. पिजन आणि नोलिचकी या नद्या इथे मुद्दाम घेतलेल्या नाहीत. सप्टेंबर 2024 मधल्या हेलीन वादळाच्या पुरानंतर त्यांच्याविषयीच्या जुन्या माहितीवर विसंबून जाऊ नये, असं मला वाटतं.

मोठाच मासा हवा असेल तर होल्स्टनला जा, त्यात वाद नाही. धरणाच्या अगदी खाली पाणी तळातून सुटतं, म्हणून गार असतं, आणि तिथे ट्राउट हे थंड पाण्यातले मासे सोडतात. काही मैल खाली गेलं की नदी स्मॉलमाउथची होते. चुनखडीचे आडवे कातळ, त्यांच्यामधल्या खोल चरी, आणि चरींतून फिरणारे क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव. तपकिरी ट्यूब जिग (नळीसारखं मऊ नकली आमिष) कातळाच्या कडेवरून चरीत सोडला की जो झटका बसतो, तसा लिटल रिव्हरवर मला क्वचितच मिळालाय. कयाक असेल तर आणखी मजा.

आता अडचण. होल्स्टनवर कधी जायचं ते तुम्ही ठरवत नाही, टीव्हीए, म्हणजे इथली धरणं चालवणारी सरकारी संस्था, ठरवते. चेरोकी धरण 1941 मध्ये पुरं झालं. पूरनियंत्रण आणि वीज ही त्याची कामं, आणि आपली गळबाजी त्यात कुठेच बसत नाही. उन्हाळ्यात घरोघरचे एसी सुरू झाले की विजेची मागणी वाढते आणि टर्बाइन फिरू लागतात. विसर्गाचं वेळापत्रक टीव्हीएच्या अ‍ॅपवर दिसतं, पण ते ऐनवेळी बदलू शकतं. शिवाय ते धरणापाशी पाणी कधी सुटणार ते सांगतं. तुम्ही खाली जिथे उभे आहात तिथे ते पोचायला तास लागतात, आणि किती तास हा हिशोब तुमचा तुम्हाला करावा लागतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पाहिलेल्याला फार समजवायला नको.

धोका सांभाळता येतो. एका खडकावर पाण्याची रेषा हेरून ठेवायची, ती बुडायला लागली की बाहेर पडायचं. मला छळतं ते वेगळंच. शनिवार मोकळा काढावा, मित्राला उठवावं, गाडीवर कयाक बांधावी, आणि अ‍ॅप उघडावं तर सकाळपासून दोन टर्बाइन चालू. भरल्या पाण्यातही मासे लागतात म्हणे. लागत असतील. पण पाण्यात उतरून, चालत गळ टाकण्यातलं सुख तेव्हा संपलेलं असतं.

लिटल रिव्हरला वर मोठं धरणच नाही. पाऊस पडला की चढते, उघडीप मिळाली की उतरते. हवामानाचा अंदाज पाहिला की निघता येतं. मासे लहान, हे मान्य. वीतभर, फार तर थोडे मोठे, आणि मधूनमधून रॉक बास हा दुसरा छोटा मासा. पाणी इतकं नितळ की तुम्ही माशाला दिसण्याआधी मासा तुम्हाला दिसावा लागतो. हलकी दोरी, छोटं ल्युअर (नकली आमिष), प्रवाहाविरुद्ध हळूहळू वर सरकत जाणं. कयाक नको, जुने बूट पुरतात.

तिचीही कटकट आहे: ट्यूबवाले. जून ते ऑगस्ट टाउनसेंडला दुपारी रबरी ट्यूबवर तरंगणाऱ्यांची जत्रा असते. पण जत्रेची वेळ ठरलेली असते, टर्बाइनची नसते. उजाडताना पोचा, नऊ-साडेनऊपर्यंत नदी तुमची. सप्टेंबर लागला की तेवढंही बंधन राहत नाही.

टाउनसेंडच्या वर नदी स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानातून येते; त्याच्या हद्दीत जिवंत आमिष चालत नाही, एकेरी गळाचं कृत्रिम ल्युअरच लागतं. दगडही हलवू नका, खाली हेलबेंडर, म्हणजे पाण्यातले मोठे सॅलमँडर, राहतात. आणि उद्यानाबाहेर वॉलंडजवळ पीरीज मिलचा बुटका बंधारा आहे, त्याच्यापासून लांबच राहा. दिसतो निरुपद्रवी, पण त्याच्या पायथ्याच्या भोवऱ्यात माणसं बुडाली आहेत.

हातात कयाक असेल, आठवड्यातला कुठलाही दिवस मोकळा असेल, तर होल्स्टन घ्या, मी अडवणार नाही. नोकरी सांभाळून फक्त शनिवार-रविवार मिळत असतील, तर आधी टाउनसेंडच्या खालच्या बाजूने सुरुवात करून पाहा. माझी गाडी हल्ली बहुतेक वेळा तिकडेच वळते.