एसक्यूएलअल्केमीचा कनेक्शन पूल: मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये कितपत साथ देतो?

पायथनमध्ये डेटाबेसचं काम करणाऱ्यांना एसक्यूएलअल्केमीची (पायथन कोडला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) ओळख करून द्यायला नको, म्हणून बाकीचं सोडून फक्त त्याच्या कनेक्शन पूलबद्दल (परत परत वापरायला उघडून ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनच्या साठ्याबद्दल) लिहितोय, कारण तासभर चालणाऱ्या इम्पोर्ट जॉबमध्ये खरा कस याचाच लागतो.

पूल_प्री_पिंग ऑन केलं की पूलमधून कनेक्शन घेताना आधी ते चालू आहे का बघितलं जातं, नसेल तर गपचूप नवीन मिळतं. वेब रिक्वेस्टसाठी झकास. पण बरेच जण एवढं एक सेटिंग टाकून निवांत होतात आणि तिथेच फसतात, कारण ही तपासणी फक्त कनेक्शन घेतानाच होते, ट्रान्झॅक्शन (म्हणजे एकतर सगळे पक्के होणारे नाहीतर सगळे रद्द होणारे बदल) अर्ध्यावर असताना कनेक्शन गेलं तर त्याचा काडीचा उपयोग नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, वाचा जरा.

मला मनापासून आवडलं ते हे, की कनेक्शन तुटलं की सरळ एरर येते आणि तरीही पुढची क्वेरी मारायला गेलात तर 'आधी रोलबॅक करा', म्हणजे अर्धवट बदल रद्द करा, म्हणून एसक्यूएलअल्केमी अडवते. कटकट वाटते पण तेच बरोबर आहे. मायएसक्यूएलच्या क्लायंटमधलं ऑटो-रीकनेक्ट आठवा, न सांगता नवीन कनेक्शन जोडायचं, आधीचे इन्सर्ट रोलबॅक, टेम्पररी टेबल गायब, लॉक सुटलेले आणि कोड आपला पुढे चालूच! 8.0.34 पासून ते डेप्रिकेट केलं, बरंच झालं.

ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पायथनमध्ये दहा मिनिटं आकडेमोड चालली तर डेटाबेसकडे काहीच जात नाही, एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे (अॅमेझॉनच्या क्लाउडमधली बाहेर जाणारी कनेक्शन ज्यातून जातात तो) असं गप्प बसलेलं कनेक्शन 350 सेकंदांत सोडून देतो आणि लिनक्सचा डीफॉल्ट कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत ठेवायला पाठवला जाणारा छोटा संदेश) जागा होतो 7200 सेकंदांनी. पोस्टग्रेस असेल तर कनेक्ट_आर्ग्जमध्ये (कनेक्शन उघडताना द्यायचे पर्याय) कीपअलाइव्ह्ज_आयडल 60 सेकंद द्या, बराच त्रास वाचेल.

रीट्राय मात्र स्वतःच लिहावा लागतो, तोही अख्खं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून, फक्त शेवटची क्वेरी परत मारून भागत नाही. आणि ऐन कमिटच्या वेळी, म्हणजे बदल पक्के होताना, कनेक्शन तुटलं तर कमिट झालं की नाही हे पूलला कळूच शकत नाही, म्हणून प्रत्येक बॅचचा आयडी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात युनिक की लावून टाका, परत जोडल्यावर तो सापडला तर कमिट झालंय, पुढची बॅच घ्या. एवढं सगळं आपल्या गळ्यात येतं, यासाठी एखादं तयार हेल्पर आत हवं होतं, म्हणून पाचपैकी चार स्टार.