कच्च्या केळ्यांची भजी की पिकल्या केळ्यांचे गुलगुले?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, सावदा भागात घरात केळ्यांची आख्खी फणी येऊन पडणं काही नवं नाही. ती हिरवी असतानाच भजी तळायची, की पिकू देऊन गुलगुले करायचे? माझा कौल गुलगुल्यांना, पण पाहुणे दारात असतील तर भजीच.

भज्यांसाठी केळं पूर्ण हिरवं, कडक हवं. कच्च्या केळ्यात पिठूळपणा भरपूर आणि साखर नावाला असते, म्हणून काप तेलात फुटत नाहीत, करपतही नाहीत. सोलताना चीक लागतो, तेव्हा हाताला आणि सुरीला तेल चोळा. तिरके, पातळ काप मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. तळण्याआधी ते फडक्यावर कोरडे करायला विसरू नका. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट आणि कडकडीत तेलाचं मोहन घाला. पीठ भिजवून भजी ताटात यायला अर्धा तास पुरतो. मात्र ही भजी कढईतून ताटात अशीच खायची, थोड्या वेळात मऊ पडतात. म्हणजे घरातलं एक माणूस शेवटपर्यंत कढईपाशीच.

गुलगुल्यांना घाई चालत नाही, पण मेहनत कमी. साल ठिपक्याठिपक्यांची झाली, विक्रीला कुणी घेईना, असं केळं यासाठी सगळ्यात चांगलं. तोवर त्यातल्या स्टार्चची बहुतेक साखर झालेली असते. दोन मध्यम केळी कुस्करून दीड वाटी कणीक, दोन-तीन चमचे किसलेला गूळ, थोडा रवा, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. पाणी लागलंच तर चमच्याने. पीठ हातातून सावकाश सुटेल इतकं घट्ट ठेवून पंधरा-वीस मिनिटं झाका. सोडा फार नको, गुलगुले तेल पितात. सगळ्यात महत्त्वाची आच. केळ्याची आणि गुळाची साखर लवकर लाल होते, म्हणून मोठ्या आचेवर बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. मध्यमपेक्षा किंचित मंद आच ठेवा आणि लहान गोळे सोडा. शेंगदाणा तेलात तळले की गुळाला त्याचा वास फार छान लागतो. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, पोरांच्या डब्यात जातात.

काही जण पिकल्या केळ्याचे लांब काप मैद्याच्या पिठात बुडवून तळायला बघतात. केरळात पळम पोरी तशीच करतात, पण तिथलं नेंद्रन जातीचं केळं पिकल्यावरही घट्ट राहतं. २०१६ साली जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते गोडीसाठी योग्यच आहे, पण आपल्याकडचं ग्रँड नैन जातीचं केळं फार पिकलं की काप हातातच मोडतात. करायचेच असतील तर नुकतं पिवळं झालेलं, देठाशी अजून कडक असलेलं केळं घ्या.

उपवासाच्या दिवशी बेसन चालत नाही, तेव्हा कच्च्या कापांना राजगिरा किंवा शिंगाड्याचं पीठ लावा. चव वेगळी लागते, पण कुरकुरीतपणा येतो.

आणि फणी अर्धी हिरवी, अर्धी पिवळी असेल, तर त्या दिवशी कढई ठेवू नका. असे काप तिखट पिठात गोडसर लागतात आणि लवकर करपतात, गुलगुल्यांसाठी कुस्करायला गेलं तर गुठळ्या राहतात. एक-दोन दिवस थांबा.