प्रासची पुस्तकं: घ्यावीत का?

कवी अरुण कोलटकर वाचायचा म्हणजे प्रास प्रकाशनाकडे वळावंच लागतं. अशोक शहाणेंचं हे प्रकाशन, म्हणजे ज्यांनी १९६३ला 'असो' हे लघुअनियतकालिक (छोटं, ठरावीक वेळ नसलेलं मासिक, लिटल मॅगझिन) काढलं तेच शहाणे. 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रासनेच आणलं १९७७ला, आणि त्याच्या आदल्या वर्षी इंग्रजी 'जेजुरी' क्लिअरिंग हाऊसने काढलं होतं, ते तर चार कवींनी मिळून चालवलेलं! जुस्सावाला, मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर, आधी वर्गणी गोळा करायची मग पुस्तकं छापायची आणि कव्हरं कोलटकर करणार, जाहिरातीतला माणूस ना तो.

मग कितीतरी वर्षं मराठी पुस्तक नाही, आणि २००३-०४मध्ये एकदम रांग लागली, 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण', 'काळा घोडा पोएम्स', 'सर्प सत्र', आणि सप्टेंबर २००४मध्ये कवी गेलाच. कुठल्या मोठ्या प्रकाशकाने असा जाडजूड कवितासंग्रह काढला असता, मला शंका आहे. 'भिजकी वही' हातात घ्या, प्राचीन अलेक्झांड्रियाच्या विदुषी हिपेशियापासून नापाम बॉम्बने होरपळलेल्या व्हिएतनामच्या किमपर्यंत रडणाऱ्या बायका, आणि ओळींना श्वास घ्यायला पानावर भरपूर जागा सोडलेली. २००५चं साहित्य अकादमी यालाच मिळालं.

तक्रार एकच, मिळत नाहीत पटकन. एका ऑनलाइन दुकानातून मागवलं तर कोपरा चेपून आला, पॅकिंगच्या नावाने बोंब. ओळखीच्या पुस्तकवाल्याला सांगून ठेवा, तो आणून देतो. पहिल्यांदा घेत असाल तर 'चिरीमिरी' घ्या, त्यातल्या कवितांमधले बळवंतबुवा भेटतील, मजा येते!